पोलोच्या गिअरचा पल्ला कमी करताना

शॉर्ट शिफ्टर, म्हणजे गिअरच्या दांडीचा पल्ला कमी करणारा सुटा भाग, बसवला की गिअर लवकर पडतो, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. दांडीच्या मुठीला कापावे लागणारे अंतर कमी होते, हे निश्चित. परंतु गिअरबॉक्सच्या आत दोन फिरत्या भागांचे वेग एकमेकांशी जुळायला जो काही वेळ लागतो, तो या सुट्या भागाने कमी होत नाही. हा भेद आधी लक्षात आला, तर कोणत्या प्रमाणाचा शिफ्टर घ्यावा आणि बसवताना कशावर सर्वाधिक लक्ष द्यावे, हे प्रश्न पुष्कळ सोपे होतात. माझ्या पाच गिअरच्या, १.२ लिटर पेट्रोल फोक्सवॅगन पोलोवर हे काम मी घरच्या पार्किंगमध्ये केले. त्यामागचे यंत्रशास्त्र आणि प्रत्यक्ष कृती या दोहोंविषयी मराठीत सविस्तर वाचायला मिळावे, अशी इच्छा फार दिवसांपासून होती, म्हणून हे लेखन.

पोलोचे उत्पादन चाकणच्या कारखान्यात २००९ च्या अखेरीस सुरू झाले आणि २०२२ मध्ये थांबले. त्यामुळे पुणे परिसरात या गाड्या विपुल आहेत, त्यांची नस ओळखणारे मेकॅनिक आहेत आणि जुने-नवे सुटे भागही मिळतात. माझ्या गाडीतील गिअरबॉक्स फोक्सवॅगन समूहाच्या एमक्यू २०० या कुळातील आहे. आडव्या बसवलेल्या इंजिनासाठीचा हा मॅन्युअल गिअरबॉक्स असून नावातील २०० हा आकडा तो ढोबळमानाने किती न्यूटन-मीटर टॉर्कसाठी, म्हणजे फिरवण्याच्या जोरासाठी, घडवला आहे, हे सांगतो. ७५ अश्वशक्तीच्या इंजिनाला तो सहज पुरून उरतो. त्यामुळे येथे प्रश्न ताकदीचा नव्हता, हाताला मिळणाऱ्या नेमकेपणाचा होता.

इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असेल आणि गिअरबॉक्स थेट चालकाच्या शेजारी येत असेल, तर गिअरची दांडी सरळ गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसवता येते. हिरोशिमाच्या माझ्दाने १९८९ मध्ये आणलेल्या एमएक्स-५ या छोट्या दोन आसनी गाडीच्या गिअरची आजवर जी वाखाणणी होते, तिचे एक मोठे कारण हेच आहे. पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या छोट्या गाड्यांत मात्र गिअरबॉक्स बोनेटखाली आडवा असतो आणि हात ते गिअरबॉक्स हे अंतर कशाने तरी जोडावे लागते. १९५९ च्या ब्रिटिश मिनीमध्ये त्यासाठी एक लांबलचक, वाकडी दांडी थेट पुढे गिअरबॉक्सपर्यंत जात असे. १९६१ च्या मिनी कूपरमध्ये मधे एक जोडयंत्रणा घालून ती दांडी आखूड आणि चालकाच्या हाताजवळ आणली गेली. आपल्याकडे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खांबाला असे आणि तिथून खाली सळयांची साखळी जाई. ज्यांनी ती चालवली आहे त्यांना सांध्यासांध्यांतून हरवत जाणारी हाताची हालचाल अजून आठवत असेल. मारुती ८०० मध्येही सळईच होती. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत सळयांची जागा दोन केबल्सनी घेतली आहे आणि पोलो त्यांतलीच एक.

या दोन केबल्सची कामे वेगळी आहेत. दांडी डावी-उजवीकडे हलवली की एक केबल कोणत्या जोडीत जायचे ते ठरवते: पहिला-दुसरा, तिसरा-चौथा, की पाचवा. दांडी पुढे-मागे केली की दुसरी केबल त्या जोडीतला गिअर प्रत्यक्ष टाकते. गिअरबॉक्सच्या माथ्यातून एक उभा शाफ्ट बाहेर येतो. पहिली केबल एका मधल्या तरफेच्या मदतीने त्या शाफ्टला वर-खाली करते आणि दुसरी केबल शाफ्टवर घट्ट बसवलेल्या भुजेला ओढून किंवा ढकलून त्याला थोडासा फिरवते. या भुजेला एक जाड, जड लोखंडी वजन जोडलेले असते. ते पाहून पुष्कळांना वाटते की हे उगाचचे ओझे आहे. प्रत्यक्षात ते वजन हालचालीला जडत्व देते, गिअर पडताना होणारी थरथर गिळते आणि दांडीला गुळगुळीतपणा आणते. वजनाशिवायची झगमगीत रंगाची ॲल्युमिनियमची भुजा बाजारात दिसली, तरी ती मी घेतली नसती; हा माझा ठाम पक्ष आहे.

शॉर्ट शिफ्टर हा शब्द निरनिराळ्या वस्तूंसाठी वापरला जातो. एक म्हणजे मुठीखालची दांडीच आखूड करणे. त्यात दांडीचा कोन तेवढाच राहतो, फक्त मूठ खाली येते आणि तिचा कंस लहान होतो. दुसरी वस्तू म्हणजे केबिनमधील दांडीचा टेकूखालचा भाग लांब करणे. तिसरी, आणि माझ्या मते या गाडीला सर्वांत योग्य, म्हणजे गिअरबॉक्सवरील भुजा आखूड करणे. समजा, शाफ्टच्या मध्यापासून केबलच्या खिळ्यापर्यंतचे अंतर मुळात ६० मिलिमीटर आहे आणि नव्या भुजेत ते ४५ केले आहे. शाफ्टला फिरायचे आहे तेवढेच फिरायचे आहे. मात्र त्यासाठी केबलला आता पूर्वीच्या तीन चतुर्थांश अंतर सरकावे लागेल आणि त्याच प्रमाणात मुठीचा प्रवासही घटेल. पूर्वी पहिल्यातून दुसऱ्यात जायला १२० मिलिमीटर लागत असतील, तर आता ९० लागतील.

हे फुकट मिळत नाही. अडकित्त्यात सुपारी सांध्यापासून जितकी दूर धरावी तितका हाताला जोर अधिक लागतो, तोच हा नियम: अंतर तीन चतुर्थांश झाले की जोर चार तृतीयांश होतो. जिथे तीन किलोच्या दाबाने काम होत होते तिथे चार किलो लागणार. पल्ला ४० टक्क्यांनी घटवणाऱ्या भुजेत हाच हिशेब पाच किलोपर्यंत जातो. मोकळ्या रस्त्यावर दहा वेळा गिअर बदलताना हे जाणवणार नाही. सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता पहिला-दुसरा, दुसरा-पहिला करीत दीड तास काढताना मनगटाला नक्की जाणवेल. म्हणूनच शहरात रोज चालणाऱ्या गाडीत २० ते २५ टक्क्यांपेक्षा अधिक घट करू नये, असे मी म्हणते.

आता सिंक्रोमेशविषयी. कॅडिलॅकने १९२८ मध्ये सिंक्रोमेश गिअरबॉक्स बाजारात आणला, त्याआधी चालकाला कानाने आणि पायाने वेग जुळवूनच गिअर टाकावा लागे. सिंक्रोमेशमध्ये दात एकमेकांत अडकण्यापूर्वी एक शंकूच्या आकाराची कडी, बहुधा पितळेची, गिअरच्या शंकूवर घासते. त्या घर्षणाने क्लचच्या बाजूचा भाग मंदावतो किंवा वेग घेतो, दोन्ही वेग समान झाले की अडवणारी कडी बाजूला होते आणि गिअर अलगद आत जातो. किती वेळ लागेल हे शाफ्टवर किती जोर पोहोचतो आणि वेगातला फरक किती आहे, यावर ठरते. भुजा आखूड झाल्यामुळे हाताचा तेवढाच जोर शाफ्टवर कमी होऊन पोहोचतो. म्हणजे हाताने पूर्वीइतकाच दाब दिला, तर वेग जुळायला उलट किंचित अधिक वेळ लागेल. चालक नकळत जास्त दाबतो, त्यामुळे हे कळत नाही. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना वेगातला फरक सर्वांत मोठा असतो, तिथे दांडी क्षणभर अडते. त्या अडण्यावर जोर काढून झटक्यात गिअर हाणणे म्हणजे ती कडी झिजवणे होय. थंडीत पहाटे, तेल घट्ट असताना, तर पहिले काही किलोमीटर सबुरीनेच चालवावे.

पल्ला कमी करण्याआधी गाडीतील ढिलाई काढणे मला अधिक महत्त्वाचे वाटते आणि या मुद्द्यावर मी सर्वाधिक वेळ घालवला. केबलच्या टोकाशी, खिळा आणि त्याला धरणारे प्लॅस्टिकचे बुश यांच्यात वापराने पोकळी तयार होते. गॅरेजमध्ये त्याला ‘प्ले’ म्हणतात. समजा, या पोकळीमुळे मूठ सहा मिलिमीटर उगाचच हलते. १२० मिलिमीटरच्या प्रवासात हा विसावा हिस्सा झाला. भुजा आखूड केल्याने पोकळी कमी होत नाही, प्रवास तेवढा ९० वर येतो, म्हणजे आता तीच ढिलाई पंधरावा हिस्सा झाली. जीर्ण बुशांवर शॉर्ट शिफ्टर बसवला, तर दांडी अधिक नेमकी वाटण्याऐवजी अधिक सैल वाटते, याचे कारण एवढेच आहे. नवे बुश, साफ करून ग्रीस लावलेली मधली तरफ आणि अचूक जुळवलेल्या केबल्स एवढ्यानेच पुष्कळांचे समाधान होईल आणि त्यांना शिफ्टर विकत घ्यावाच लागणार नाही.

मी ज्यांच्याकडे गाडी नेहमी दाखवते त्या मेकॅनिकदादांनीही हेच सुचवले. “ताई, गिअर नीट पडतो ना? मग आधी बुश बदला, केबल सेट करा, आठवडाभर चालवा. तरी वाटलंच तर पुढचं बघू.” त्यांच्या सांगण्यात अनुभव होता आणि मी तो क्रम पाळला. बुश बदलल्यावर निम्मा फरक त्यातच पडला. उरलेल्या फरकासाठी, वजनासह येणारी, साधारण एक चतुर्थांश पल्ला घटवणारी पोलादी भुजा मी निवडली.

प्रत्यक्ष काम गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून आणि इंजिन पूर्ण थंड असताना करावे. बोनेट उघडल्यावर गिअरबॉक्स दिसत नाही, कारण त्याच्या वर बॅटरी असते. आधी तिची ऋण तार, मग धन तार सोडवायची, बॅटरी उचलून बाहेर ठेवायची आणि खालचा ट्रे काढायचा. हाताला जागा कमी पडत असेल तर एअर फिल्टरचा पाइपही बाजूला करावा. बॅटरी सुटल्यामुळे घड्याळ शून्यावर येते आणि एका स्पर्शात वर-खाली होणाऱ्या काचा असतील तर ती सोय नंतर पुन्हा शिकवावी लागते; हे आधी ठाऊक असले म्हणजे घाबरायला होत नाही.

आता भुजा, मधली तरफ आणि दोन्ही केबल्सची टोके समोर येतात. या क्षणी पाना लावण्याआधी चार दिशांनी फोटो काढावेत आणि भुजा शाफ्टवर कोणत्या कोनात बसली आहे याची रंगाने खूण करावी. गिअरबॉक्सखाली जाड फडके पसरावे, कारण केबल धरणारी लॉक क्लिप निसटली की ती थेट खालच्या कव्हरमध्ये जाऊन बसते. क्लिप काढून केबलचे टोक खिळ्यावरून सरळ वर उचलायचे. स्क्रू ड्रायव्हरने एका बाजूने उचकटले तर प्लॅस्टिक तडकते. भुजेचा नट सोडवताना भुजा दुसऱ्या हाताने घट्ट धरावी, म्हणजे सगळा जोर शाफ्टवर आणि आतल्या यंत्रणेवर जात नाही. पावसाळ्यातल्या चिखलाने सांधा गंजला असेल, तर गंज सोडवणारे तेल मारून अर्धा तास थांबावे. हातोडीला येथे काम नाही. शाफ्टच्या खाचा तारेच्या ब्रशने साफ कराव्यात, पण घाण खालच्या तेलसीलवर पडू देऊ नये. नवी भुजा खुणेप्रमाणे बसवावी, नट नवा वापरावा आणि दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच आवळावा. मधली तरफ उघडी पडलेलीच असते. तिच्या खुंटीवरचे जुने, काळे पडलेले ग्रीस पुसून नवे लावण्याची ही संधी दवडू नये.

भुजा बदलणे हा कामाचा सोपा भाग आहे. तिच्या बदललेल्या लांबीला अनुसरून केबल्स पुन्हा जुळवणे, यावरच पुढची सगळी वर्षे दांडी कशी वागणार हे ठरते. दोन्ही केबल्सच्या गिअरबॉक्सकडच्या टोकांना स्प्रिंगची कुलुपे असतात. प्रत्येक कुलूप पुढे शेवटपर्यंत ओढून डावीकडे फिरवले की ते उघडे राहते आणि केबलची लांबी मोकळी होते. मग गिअरबॉक्सवरील शाफ्ट न्यूट्रलमध्ये असताना खाली दाबायचा आणि दाबलेला असतानाच शेजारचा छोटा कोनाकृती अडसर फिरवून आत ढकलायचा. त्याने शाफ्ट पहिल्या-दुसऱ्याच्या जोडीतील न्यूट्रलवर जखडला जातो. केबिनमध्ये दांडीभोवतीचे कातडी कव्हर वर उचलून, दांडी न्यूट्रलमध्येच डावीकडे नेली की तिच्यातील भोक आणि खालच्या चौकटीतील भोक एका रेषेत येतात. त्यांतून कंपनीची टी १००२७ ही पिन, किंवा त्याच व्यासाची गुळगुळीत सळई आरपार घालायची. आता दोन्ही टोके एकाच स्थितीत पक्की झाली आहेत आणि मधल्या केबल्स मोकळ्या आहेत. कुलुपे उजवीकडे फिरवून सोडली की स्प्रिंग त्यांना आपोआप जागेवर नेते आणि केबलची लांबी ठरते. हे करताना केबल ओढायची नाही, ढकलायची नाही; तिला तिची जागा शोधू द्यायची. त्यानंतर आधी अडसर मूळ जागी, मग पिन बाहेर.

सोडलेली दांडी न्यूट्रलमध्ये स्वतःहून तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत येऊन उभी राहिली पाहिजे. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून पाचही गिअर टाकून पाहावेत. रिव्हर्ससाठी दांडी खाली दाबून, डावीकडे नेऊन पुढे ढकलावी लागते. न दाबता ती तिकडे जात असेल तर काम पुन्हा करावे. यानंतरची एक तपासणी बरेच जण सोडून देतात, पण मला ती सर्वांत बोलकी वाटते. पहिला गिअर टाकून, क्लच दाबलेला ठेवून दांडी डावीकडे शेवटपर्यंत दाबायची आणि सोडायची. त्या वेळी दुसऱ्या व्यक्तीने बोनेटपाशी उभे राहून शाफ्टकडे पाहायचे. शाफ्ट साधारण एक मिलिमीटर वर-खाली झाला पाहिजे. माझी धाकटी बहीण टॉर्च घेऊन उभी होती आणि “हलला, अगदी थोडा” असे ती म्हणाली तेव्हाच मी बॅटरी जागेवर ठेवायला घेतली. ती हालचाल अजिबात नसेल किंवा फार असेल, तर जोडी निवडणारी केबल चुकीच्या लांबीवर बसली आहे.

रस्त्यावर पहिला अनुभव बोपदेव घाटात घेतला. चढावर दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि वळणाआधी पुन्हा दुसऱ्यात येताना मनगटाची हालचाल खरोखर लहान झाली आहे, मूठ कुठे थांबणार हे हाताला आधीच कळते आणि गिअर पडल्याचा खटका स्पष्ट जाणवतो. दुसऱ्यात उतरताना ॲक्सिलरेटरवर पायाचा हलका ठोका देऊन इंजिनाचा वेग वाढवला, तर सिंक्रोमेशचे बरेचसे काम आधीच होते आणि वाढलेला जोर लागतच नाही. आखूड पल्ल्याचे सुख अशा वेळी पूर्णपणे मिळते. सपाटीवर संथ वाहतुकीत मात्र दांडी पूर्वीपेक्षा जड आहे, हे मान्य केले पाहिजे. घरातले ज्येष्ठही गाडी चालवत असतील, तर आधी त्यांना विचारावे.

सुरुवातीच्या काळात एका धोक्याबद्दल सावध राहावे. या भुजेने पुढे-मागेचा पल्ला घटतो, डावी-उजवीकडचा तेवढाच राहतो, त्यामुळे गिअरच्या जागांचा हाताच्या ओळखीचा एच-आकार बदलतो. वेगात असताना पाचव्यातून चौथ्यात यायचे आणि दांडी जोराने डावीकडे ओढली गेली तर दुसरा पडू शकतो. तसे झाले आणि क्लच सोडला, तर चाकेच इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवतात. इंधन तोडणारी संगणकीय मर्यादा तिथे काहीच करू शकत नाही आणि इंजिनाचे मोठे नुकसान होते. उपाय साधा आहे: मूठ घट्ट न पकडता तळव्याने मागे ढकलावी आणि तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत आणण्याचे काम स्प्रिंगवर सोपवावे.

जड मूठ बसवावी का, असे विचारले जाते. मुठीचे वजन वाढले की हाताचा जोर सलग पोहोचतो आणि अडण्याची जाणीव सौम्य होते, हे खरे. पण गिअरबॉक्सवरचे मूळ वजन शाबूत असेल तर तिची निकड उरत नाही. तेलाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. या गिअरबॉक्समध्ये सुमारे दोन लिटर तेल मावते आणि जुन्या गाडीत ते बदलण्याचा विचार नेहमीच्या सर्व्हिसमध्ये क्वचितच होतो. कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच तेल भरावे; जास्त घट्ट तेलाने दात सुरक्षित राहतात असे समजून ते भरले, तर सिंक्रोमेश मंदावतो.

कायद्याच्या बाजूने पाहता, मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ चा रोख नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांवर आहे आणि त्या प्रमाणपत्रात गिअरच्या भुजेचा उल्लेख नसतो. तरीही विमा कंपनीला बदल लेखी कळवावा आणि गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटी संपेपर्यंत थांबावे. पाचशेएक किलोमीटर झाल्यावर बॅटरी पुन्हा काढून भुजेचा नट आणि दोन्ही लॉक क्लिपा तपासाव्यात. मूळ भुजा तेलाचा हात फिरवून, नटासह पिशवीत ठेवावी, कारण पुढे गाडी विकताना घेणाऱ्याला मूळचाच पल्ला हवा असू शकतो. ती परत बसवताना केबल्स जुळवण्याचे सगळे काम, शाफ्टच्या एका मिलिमीटरच्या तपासणीसह, नव्याने करावे लागेल.